ऑफिससाठी इंकजेट प्रिंटर : पानाला नक्की किती पडतं?

अमळनेरचा हिशोबनीस

नमस्कार मंडळी,

माझं अमळनेरला हिशोब आणि जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. ओळखीतले व्यापारी, पतसंस्थेतले लोक, सेवा केंद्र चालवणारी पोरं प्रिंटर घ्यायच्या आधी हमखास विचारतात, "भाऊ, पानाला किती पडतं?" दुकानात याचं उत्तर दोन सेकंदांत मिळतं, पण ते अर्धंच असतं. म्हणून सगळा हिशोब एकदा इथे मांडतो. ज्यांच्या हाताखालून बरेच प्रिंटर गेलेत त्यांनी भर घालावी.

आधी शाई. टाकीवाल्या प्रिंटरच्या (ज्याच्या टाकीत बाटलीतून शाई ओततात तो) बाटलीला कंपनीने पानांचा आकडा दिलेला असतो. एप्सनच्या एल३२१०, एल३२५०ला ००३ नंबरची शाई लागते. तिची काळी बाटली ६५ मिलीची, पानं ४,५००. रंगीत तिन्ही मिळून ७,५००. कॅननच्या जी२०२०, जी३०२०ला जीआय-७१ लागते. काळी १३५ मिली, ६,००० पानं; रंगीत ७,७००. एचपीची जीटी५३एक्सएल काळी १३५ मिलीची, तीही ६,००० आणि जीटी५२ रंगीत ८,०००. ब्रदरच्या टी२२०, टी४२०डब्ल्यूची काळी ७,५०० आणि रंगीत ५,०००.

आता तुमच्या बिलातली बाटलीची किंमत घ्या आणि पानांनी भागा. समजा काळी बाटली ३६० रुपयांना मिळाली आणि ४,५०० पानं निघाली, तर पानाला ८ पैसे. दुसऱ्या कंपनीची ६०० रुपयांची बाटली ६,००० पानं देत असेल तर १० पैसे. भाव दुकानागणिक बदलतात, पण उत्तर याच घरात येतं. ज्या फरकावर लोक दुकानात तासभर घासाघीस करतात तो दोन पैशांचा असतो!

कार्ट्रिजवाला (शाईची बंद डबीच बदलायची तो) स्वस्त प्रिंटर मात्र यात धरूच नका. एचपी ८०३ची साधी काळी कार्ट्रिज १९० पानांची. ती ७५० रुपयांना पडली तर पानाला जवळपास ४ रुपये. घरी महिन्याला दहा पानं काढणाऱ्याला चालेल, ऑफिसाला नाही.

माझ्या ऑफिसासारखं काम धरा. रोज शंभर पानं, महिन्याला अडीच हजार, वर्षाला ३०,०००. ८ पैशांनी काळ्या शाईचे झाले २,४०० रुपये. १० पैशांनी ३,०००. वर्षाचा फरक ६०० रुपये. आणि कागद? ५०० पानांचा गठ्ठा २६० रुपयांना धरला तर ६० गठ्ठ्यांचे १५,६०० रुपये. शाईच्या सहापट पैसा कागदात जातोय आणि त्याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की टाकीवाला घ्यायचा ठरलं की शाईचा भाव विसरा आणि दोन्ही बाजूंना आपोआप छापतो का ते बघा. ३०,००० पानांपैकी निम्मी जरी पाठपोट निघाली तरी ७,५०० कागद वाचतात, म्हणजे १५ गठ्ठे, ३,९०० रुपये. एल३२५०, जी३०२०, टी४२०डब्ल्यू यांत ही सोय नाही, हाताने कागद उलटावा लागतो आणि घाईत कोणी उलटत नाही. एप्सन एल४२६०, एल६२७०, एचपी स्मार्ट टँक ७२० आणि ७५०, ब्रदर टी८२०डीडब्ल्यू यांत आहे. वरचे पैसे साधारण दीड-दोन वर्षांत कागदातून निघतात.

पानांच्या आकड्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. तो आयएसओ/आयईसी २४७१२ या मानकातली नमुना पानं छापून, कंपनीने आपल्याच पद्धतीने काढलेला असतो. ठरावीक पानं, सलग छपाई, खोलीचं माफक तापमान. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५वर असतो आणि दिवसातून चार वेळा दोन-दोन पानं निघतात. दर वेळी प्रिंटर जागा होतो, अधूनमधून स्वतःच हेड (कागदावर शाई उडवणारा भाग) साफ करतो आणि त्यात शाई जाते. शिवाय पहिल्या बाटल्यांमधली बरीच शाई नळ्या भरण्यातच संपते, म्हणून पहिल्या सेटवरून सरासरी काढू नका.

हेड, उन्हाळा आणि दुरुस्ती हा भाग मी मुद्दाम सोडलाय. त्यावर जाणत्यांनी लिहावं.

दुरुस्तीवाला जळगाव

हिशोब एकदम पटला. दुरुस्तीच्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो.

हेड दोन प्रकारची. कॅनन आणि एचपीचं थर्मल, म्हणजे बारीक हीटर शाई तापवतो, बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदरचं पायझो, त्यात विजेने स्फटिक वाकतो आणि थेंब उडतो, शाई तापत नाही. गिऱ्हाइकाला याच्याशी काय घेणं? घेणं आहे. एचपीच्या टाकीवाल्या प्रिंटरांत आणि कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक मॉडेलांत हेड कार्ट्रिजसारखं निघतं. काळ्याचं एक, रंगीतचं एक. खराब झालं तर नवीन आणा, घरीच बसवा. एप्सन, ब्रदरचं हेड मशीनमध्येच बसवलेलं. ते टिकतं जास्त, पण गेलं तर खर्च इतका येतो की लोक नवीन प्रिंटरचा विचार करायला लागतात. तुमच्या २,४०० रुपयांच्या शाईच्या हिशोबात हा खर्च कुठेच नाही, आणि पाच वर्षांत शाईपेक्षा तोच जास्त टोचतो.

होळी झाली की माझ्याकडे "काळं येत नाही", "मधे पांढऱ्या रेघा येतात" असे प्रिंटर यायला लागतात, ते थेट मृगापर्यंत. त्यातले बरेचसे एकाच कारणाने. संध्याकाळी ऑफिस बंद करताना शिपाई भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबून सगळं एकदम बंद करतो. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड सरकत एका बाजूला जातं आणि रबरी टोपीवर जाऊन बसतं. कान देऊन ऐका, आधी घरघर होते आणि शेवटी बारीक 'टक्' होतं. त्यानंतरच बोर्डाचं बटण. टोपी बसली नाही तर हेड रात्रभर उघडं, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत नोझलच्या (हेडच्या बारीक छिद्रांच्या) तोंडावर शाई सुकते.

दुसरं कारण जागा. एप्सनच्या माहितीपुस्तिकेत चालवायचं तापमान १० ते ३५ अंश लिहिलंय, बाकीच्यांचंही त्याच आसपास. पत्र्याच्या गाळ्यात पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलेला प्रिंटर दुपारी किती तापत असेल ते बघा. खालच्या कप्प्यात, भिंतीच्या आतल्या बाजूला, सावलीत ठेवा.

तिसरं म्हणजे क्लीनिंगचा सपाटा. रेघ दिसली की लोक पाच-सहा वेळा हेड क्लीनिंग मारतात. ती शाई हवेत जात नाही, आतल्या स्पंजमध्ये जमते. स्पंज भरला की प्रिंटर थांबतो. कॅननच्या जुन्या जी मालिकेत ५बी०० हा एरर दाखवतो तो हाच. तीनदा करून फरक पडला नाही तर थांबा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी परत बघा. सुकलेली शाई भिजायला वेळ लागतो. नवीन घेताना हा स्पंज गिऱ्हाइकाला स्वतः बदलता येतो का ते विचारा. कॅनन जी३०२०मध्ये मेंटेनन्स कार्ट्रिज म्हणून तो वेगळा निघतो, आधीच्या जी३०१०मध्ये निघत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. माझ्या मते ही सोय वाय-फायपेक्षा मोठी.

कोर्टकचेरी भुसावळ

मी वकिली करतो. पैशाआधी मी एकच बघतो, शाई पाण्याने पसरते का.

शाई दोन जातीची, डाय आणि पिगमेंट. डाय कागदात मुरते, रंग छान येतात, पण ओली झाली की फुटते. पिगमेंटचे बारीक कण कागदावर बसतात, वाळले की पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. एप्सनच्या ००३मध्ये काळीही डायच आहे. त्यांच्याच ००१मध्ये, म्हणजे एल४२६०, एल६२७०ला लागणाऱ्या शाईत, काळी पिगमेंट आहे. कॅननची जीआय-७१, एचपीची जीटी५३, ब्रदरची डी६० या सगळ्यांची काळी पिगमेंट.

पावसाळ्यात पक्षकार शर्टाच्या खिशातून घडी केलेलं प्रतिज्ञापत्र काढतो, तेव्हा हा फरक कळतो. घाम आणि पाऊस दोन्ही लागलेलं असतं. डायवाल्या पानावर सहीशेजारचा मजकूर निळसर-जांभळा होऊन पसरलेला असतो. मुद्रांकावर छापलेलं असेल तर कागद आणि पैसे दोन्ही गेले. दुकानात गेलात की नमुना पान मागा आणि ओलं बोट फिरवून बघा.

हिशोबनीस साहेब, तुमच्या तुलनेत ८ पैसे आणि १० पैसे शेजारी-शेजारी ठेवलेत, पण ते ८ पैसे डायचे आहेत. कागदपत्रं जपून ठेवायची असतील तर ती शाई १० पैशांच्या जागी बसत नाही.

अमळनेरचा हिशोबनीस

वकीलसाहेब, मुद्दा शंभर टक्के मान्य. आयकर, जीएसटीचे कागद पुढे कित्येक वर्षं काढावे लागतात. मग पाठपोट छपाई आणि पिगमेंट काळी अशा दोन अटी झाल्या. एल४२६०, एल६२७०, स्मार्ट टँक ७२०-७५० आणि टी८२०डीडब्ल्यू दोन्हींत बसतात.

सातपुड्याची लेक

मी तळोद्याकडे सेवा केंद्र चालवते. दादांनो, तुम्ही सगळे ऑफिसचं बोलताय, आमच्याकडचा पहिला प्रश्न लाईटचा असतो.

दुपारी लाईट गेली की रांग तशीच उभी राहते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळ्यांना आजच पाहिजे. एसटीने पाड्यावरून आलेल्या माणसाला "उद्या ये" म्हणणं म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडवणं. इंकजेट छापताना साधारण १२-१५ वॅट घेतो. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर, राउटर, पंखा आणि प्रिंटर सगळं निवांत चालतं. लेझरला आतला रोलर तापवायला काही शे वॅट लागतात, लहान इन्व्हर्टर लगेच ओरडायला लागतो. आमच्यासारख्यांनी इंकजेट घेण्याचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे, आणि पानाच्या भावात ते कुठेच दिसत नाही.

माझ्याकडे दोन आहेत. रंगीत कामाला एल३२५० आणि काळ्या मजकुराला एप्सनचाच एकरंगी एम२१४०. त्याची ००५ शाई पिगमेंट आहे, १२० मिलीत ६,००० पानं, आणि तो पाठपोट स्वतः छापतो. वकीलदादा म्हणतात तसा डायचा दोष मजकुराला खरा, पण पासपोर्ट फोटोला चकचकीत कागदावर डायच उठून दिसते. लग्नाच्या बायोडेटावरचा फोटो, शाळेचा प्रकल्प, ओळखपत्र, ही सगळी कामं त्यावर. दोन वेगळे ठेवल्याने आणखी एक फायदा, एक अडला तर दुसऱ्यावर काम निभतं.

वाय-फायला कमी लेखू नका बरं का. पोरं फोनवरच पीडीएफ घेऊन येतात. आधी पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे, ते बंद झालं.

आणि ज्यांना रोज स्कॅन करावं लागतं त्यांनी एडीएफवाला (गठ्ठ्यातला एकेक कागद आपोआप ओढून स्कॅन करणारा) घ्यावा. वीस पानांचा अर्ज एकेक करून काचेवर ठेवायचा म्हणजे एक माणूस त्यातच गुंतला. माझ्याकडे ते नाही, पुढचा घेताना ती पहिली अट असेल.

धुळ्याचा लेझरवाला

सगळं वाचलं. पण रोजची दोन-तीनशे पानं काळीच आणि लाईटची अडचण नाही, असं असेल तर अजूनही एकरंगी लेझरच घ्या. एचपीचा १२ए टोनर (लेझरची पावडरची कार्ट्रिज) २,००० पानांचा, ८८ए १,५०० पानांचा. नवीन टोनर महाग पडतो हे खरं, पण गावात रिफिल होतो आणि मग पानाला पंधरा-वीस पैसे. कागद ओला झाला तरी अक्षर हलत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन महिने हात लावला नाही तरी सुकत नाही, कारण आत पावडर आहे. इंकजेटवाल्यांचा अर्धा धागा सुकण्यावरच चाललाय!

दुरुस्तीवाला जळगाव

लेझरवाले भाऊ, सुकण्याचं म्हणणं बरोबर. पण लेझरला ड्रम (पावडर कागदावर उतरवणारा), फ्यूजरची म्हणजे पावडर तापवून चिकटवणाऱ्या भागाची फिल्म आणि रिफिलवाल्याचा हात हे तीन खर्च आहेत. रिफिल नीट झाला नाही तर पावडर आत सांडते आणि पानाच्या मागे काळे डाग येतात. रोज पन्नास-शंभर पानं आणि मधूनमधून रंगीत असेल तर टाकीवाला इंकजेट, क्वचित पण नुसतं काळं असेल तर लेझर. मी गिऱ्हाइकाला असंच सांगतो.

कपाशीपट्टा

राम राम भाऊसहोन! मना अनुभव सांगस.

आमचं ऑफिस जिनिंगच्या आवारात. हंगामात हवेत कापसाचा तंतू भरून राहतो. प्रिंटरमध्ये कागद ओढणारं रबराचं चाक असतं, त्यावर तंतूची गुंडाळी बसते. मग कधी कागद उचलतच नाही, कधी तीन एकदम उचलतो. मागून उघड्या ट्रेमध्ये कागद लावायचा प्रिंटर आमच्या कामाचा नाही. आता खाली बंद ट्रे असलेला घेतलाय, कागदावर तंतू बसत नाही. ब्रदर टी४२०डब्ल्यूला समोर दीडशे कागदांचा बंद ट्रे येतो. एल३२५० आणि जी३०२०ला मागे शंभर कागदांचा उघडा. हे कोणत्याच जाहिरातीत ठळक लिहीत नाहीत. पीठगिरणी, डाळमिल, सिमेंटचं दुकान, जिथे जिथे धूळ आहे तिथे आधी ट्रे बघा.

आधीच्या प्रिंटरचं हेड इकडून तिकडे आपटायचं, खाडखाड आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी हेड बदलायला सांगितलं आणि मोठा आकडा लावला. दुसऱ्या कारागिराने झाकण उघडून आतली पारदर्शक पट्टी पुसली आणि बठ्ठं बंद झालं. ती पट्टी काय असते?

दुरुस्तीवाला जळगाव

तिला एन्कोडर पट्टी म्हणतात. हेडच्या मागे आडवी ताणलेली पातळ प्लास्टिकची पट्टी, त्यावर डोळ्याला धड न दिसणाऱ्या रेघा. हेड आपण कुठे आहोत ते त्या रेघा वाचून ठरवतं. तंतू किंवा शाईचा धब्बा आला की हेडला जागा कळत नाही, मग ते कडेला आदळतं. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायची. ओढायची नाही, हुकातून निसटली तर परत बसवणं जिकिरीचं. कागद ओढणारं चाकही तसंच पुसा. स्पिरिट, थिनर रबराला लावू नका.

कूलरचं राहिलं होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे ऑफिसात कूलर असतोच. ओलावा हेडला बरा, कागदाला वाईट. गठ्ठा उघडा ठेवला की कागद दमट होतो, कडा वळतात आणि दोन-दोन पानं एकदम जातात. कूलरचा झोत प्रिंटरवर नको, गठ्ठ्याचं वेष्टन काढून टाकू नका, लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घाला.

साक्रीची शाळा

आमच्या शाळेचा प्रश्न वेगळा आहे. परीक्षेच्या वेळी दणक्यात छपाई आणि मग मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कुलूप. दरवर्षी जूनमध्ये प्रिंटर उघडला की रेघा. टाकीवाला ठेवावा की काढावा?

दुरुस्तीवाला जळगाव

सर, सुट्टीत शिपाई किंवा कोणी कर्मचारी आठवड्यातून एकदा येत असेल तर ठेवा. त्याला एवढंच सांगा, प्रिंटर चालू करायचा आणि एक रंगीत पान काढायचं. चारही रंग असलेलं पान हवं. नुसता काळा मजकूर छापला तर पिवळा, गुलाबी तसेच पडून राहतात. नोझल चेकचं पान (सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं) यासाठी उत्तम, त्यात शाई अगदी थोडी जाते. पान झालं की बटणाने बंद, 'टक्' ऐकायचं, मग प्लग काढायचा.

सुट्टी लागण्याआधी टाक्या खालच्या रेघेच्या वर आहेत ना ते बघा. टाकी रिकामी असताना छापलं तर नळीत हवा शिरते, आणि थर्मल हेड कोरडं चाललं तर जळतं. कोणीच येणार नसेल तर मात्र लेझरवाले भाऊ म्हणतात ते ऐका. प्रश्नपत्रिका काळ्याच असतात.

केळीपट्टा रावेर

आमचा केळीचा व्यापार. गाड्यांच्या पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या दिवसभर निघतात. लिटरच्या बाटलीत सुटी शाई मिळते, मूळ शाईच्या निम्म्याहून कमी भावात. घेऊ का? हो-नाही सांगा फक्त.

दुरुस्तीवाला जळगाव

नाही.

कारण हिशोबनीस भाऊंच्याच आकड्यांत आहे. वर्षाची शाई २,४०० रुपयांची. सुट्या शाईने फार तर १,२००-१,५०० वाचतील. त्यासाठी हेड पणाला लावायचं? कंपनीची वॉरंटीही त्यामुळे अडचणीत येते. सगळी सुटी शाई वाईट असते असं मी म्हणत नाही, पण ती कोणत्या जातीची आहे ते बाटलीवर धड लिहिलेलं नसतं. पिगमेंटच्या टाकीत डाय पडली किंवा उलटं झालं तर आत गाळ धरतो आणि तो नळीतून हेडपर्यंत जातो. अशी मशीनं उघडल्यावर फिल्टरमध्ये चिखलासारखा थर निघतो. नळ्या धुऊन काही वाचतात, काही नाही.

कार्ट्रिजच्या काळात सुटी शाई भरणं परवडत होतं, कारण तेव्हा पानाला जवळपास चार रुपये वाचत होते. आता वाचतात चार पैसे.

अमळनेरचा हिशोबनीस

मंडळी, सगळ्यांचं वाचून पाच वर्षांचा ताळा मांडून बघितला. ३०,००० पानांच्या ऑफिसाला पाच वर्षांत काळी शाई १२,००० ते १५,०००. कागद ७८,०००. त्यातले पाठपोट छपाईने साधारण १९,५०० वाचतात. म्हणजे पाठपोटची सोय पाच वर्षांची सगळी काळी शाई फुकट करून वर पैसे उरवते. हेड एकदा गेलं तर त्यातली मोठी रक्कम परत जाते. म्हणून दुरुस्तीवाल्या भाऊंनी सांगितलेलं बटण, जागा आणि आठवड्याचं रंगीत पान यालाही मी पैशांतच धरतो.

पाठपोट छापताना इंकजेट एक बाजू झाली की शाई वाळायला मध्ये थांबतो. वेगाचे जे आकडे देतात, एल३२५० मिनिटाला १० काळी पानं, जी३०२० ९.१, टी४२०डब्ल्यू १६, ते सगळे एका बाजूचे. चाळीस पानांचा अहवाल काढायचा असेल तर थोडा धीर धरा. माझ्या कामात ही वाट बघणं अजिबात अडत नाही. गिऱ्हाईक समोर उभं असलेल्या केंद्रात अडेल, हे ताईंनी लक्षात घ्यावं.

आणि व्यापाऱ्यांसाठी, बिल घेताना आपला जीएसटी नंबर टाकून घ्या. प्रिंटर आणि शाई दोन्हींवर १८ टक्के आहे, नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं. आयकरात संगणकाबरोबर वापरला जाणारा प्रिंटर ४० टक्के घसाऱ्याच्या गटात धरतात. पाच-सहा हजार जास्त देऊन वरचं मॉडेल घ्यायला कचरता, तेव्हा हे दोन आकडे मांडून बघा, जास्तीची रक्कम बरीच खाली येते.

सातपुड्याची लेक

वेगाचं बरोबर आहे दादा, म्हणून मी दाखले एका बाजूनेच काढते, पाठपोट फक्त पुस्तिका आणि नोट्सना. वॉरंटीचं कोणीच बोललं नाही. माझ्या पावतीवर एक वर्ष लिहिलंय, पण खाली बारीक अक्षरात पानांचाही आकडा आहे.

दुरुस्तीवाला जळगाव

ताई, बरोबर पकडलंत. टाकीवाल्या बऱ्याच मॉडेलांना वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते, अशी अट असते. तुमच्यासारख्या केंद्रात पानं आधी संपू शकतात. प्रिंटर बसवला त्या दिवशी आणि मग दर तिमाहीला नोझल चेक आणि स्टेटसचं पान काढून फाईलला लावा. बऱ्याच मॉडेलांत एकूण किती पानं छापली ते त्यावर येतं. तक्रार करायची तर मुदत आणि आकडा दोन्ही संपायच्या आत करा. बारीक रेघा आहेत म्हणून चालवून घेऊ नका. आणि घ्यायच्या आधी विचारा, सर्व्हिस तुमच्या गावी येते की मशीन जिल्ह्याला न्यावं लागतं. तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडच्यांना हा प्रश्न पानाच्या भावापेक्षा महागात पडतो.

साक्रीची शाळा

आमच्या मुख्याध्यापकांना धागा वाचून दाखवला. प्रश्नपत्रिकांना एकरंगी लेझर घ्यायचं ठरतंय, टाकीवाला रंगीत कामाला आणि स्कॅनिंगला ठेवू. सध्या त्यात गुलाबी रंग येत नाही. जळगावला तुमच्याकडे आणायचा तर कसा आणू?

दुरुस्तीवाला जळगाव

आणा सर. आधी बटणाने बंद करा, हेड टोपीवर बसू द्या. टाक्यांची झाकणं घट्ट लावा. काही जुन्या मॉडेलांना बाजूला वाहतुकीचा नॉब असतो, तो असेल तर फिरवून बंद करा. टाक्या काठोकाठ भरू नका. खाली जाड प्लास्टिकची पिशवी आणि जुने वर्तमानपत्र घाला. आडवा किंवा उलटा अजिबात करायचा नाही, नाहीतर शाई आतल्या बोर्डावर उतरते आणि गुलाबीचं साधं काम मोठं होऊन बसतं. एसटीच्या टपावर किंवा डिकीत टाकू नका, सीटवर सपाट ठेवून आणा. आणि येण्याच्या आदल्या दिवशी काढलेलं नोझल चेकचं पान सोबत घ्या, त्यावरूनच नळीत अडलंय की हेडमध्ये ते बरंचसं कळतं.